दयेला हिशेब हवा

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या मराठी भाषेने कुत्र्याला फारसा मान दिलेला नाही. एखाद्याची फार दुर्दशा झाली की 'त्याचे हाल कुत्रा खाईना' असे आपण म्हणतो आणि माणसाचा स्वभाव बदलत नाही हे सांगायला कुत्र्याचेच शेपूट नळीत घालतो. दुसरीकडे घरोघरी दत्तगुरूंची तसबीर असते आणि तिच्यात चार श्वान महाराजांच्या पायाशी असतात. तसबिरीतला श्वान पूज्य आणि दारातला कुत्रा हाडहाड करण्याजोगा, हा विरोध आपल्या अंगवळणी पडला आहे. अलीकडे त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. तो म्हणजे किंमत मोजून आणलेला, परदेशी जातीचा, थोराड अंगाचा कुत्रा. त्याला मान मिळतो खरा, पण तो किती दिवस टिकतो?

उदाहरणादाखल 'ग्रेट डेन' घेऊ. नाव डेन्मार्कचे असले तरी ही जात घडली जर्मनीत. दोन महिन्यांचे पिल्लू मांडीवर मावते. दीड-दोन वर्षांत तेच ५० किलोंच्या आसपास किंवा त्याहून पुढे जाते. विकत घेणाऱ्याला मांडीवरचे पिल्लू दिसते, पुढचे वजन दिसत नाही. मग बदली होते, घरात बाळ येते, शेजारी तक्रार करतात, किंवा नुसता कंटाळा येतो. एका रात्री गाडी गावाबाहेर जाते आणि रिकामी परत येते.

याला कायदा नाही असे नाही. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जनावराला उपाशी-तहानलेले टाकून देणे हा त्यात गुन्हा ठरला आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड ठरला १० ते ५० रुपये! १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य झाले. २०१७ च्या नियमांनी कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. परंतु कर्तव्य पुस्तकात राहते आणि कुत्रा रस्त्यावर.

गेल्या वर्षी आषाढात अशीच एक ग्रेट डेन मादी आमच्या घरी आली. महामार्गावरच्या एका ढाब्यामागे तिला कोणी बांधून गेले होते. प्राणिमित्रांनी तिला सोडवून दवाखान्यात नेले तेव्हा वजन भरले अवघे ३२ किलो. तिच्याकडून वारंवार पिल्ले घेतली असावीत, असे डॉक्टर म्हणाले. प्राणिमित्र तिच्यासाठी घर शोधत होते आणि माझा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर हिंडत असे. अशा रीतीने हा प्रश्न आमच्या दोन खोल्या आणि एका पडवीच्या घरात आला.

त्या रात्री घरात जी चर्चा झाली ती मला महत्त्वाची वाटते. वडील म्हणाले, "ठेवायची तर मरेपर्यंत ठेवायची. जमणार नसेल तर आजच नाही म्हणा." आई म्हणाली, "ते खरं, पण तिचं करणार कोण?" आजीला वेगळीच शंका होती. "एवढं मोठं वासरू आणताय, राखण तरी करतंय का?"

आपल्या घरांत कुत्रा आणण्याचा हट्ट मुले धरतात, होकार वडील देतात आणि शेणगोठ्यापासून भांड्यांपर्यंत सगळे जिच्या अंगावर पडते तिला कोणी विचारत नाही. पुष्कळ कुत्री घराबाहेर पडतात ती याच कारणाने, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून आईच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही कॅलेंडरच्या मागे लिहून काढले. सकाळी पहिल्या एस.टी.पूर्वी फिरवणे आणि पडवी धुणे माझ्याकडे, संध्याकाळ भावाकडे, बाजार वडिलांकडे. आई भाताबरोबर तिचेही शिजवते, पण तिचे भांडे आई घासत नाही.

मोठ्या कुत्र्याचे प्रेम असणे आणि त्याची माहिती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला एकदम पोटभर घालून पळवू नये. अशा खोल छातीच्या जातींत पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो. म्हणून जेवण दोन वेळा, आणि नंतर विश्रांती. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, त्यामुळे उरलेली आमटी घालणे ही दया नव्हे. शिजवलेल्या हाडांच्या फोडी आतडी फाडतात. कडक फरशीवर बसून कोपरांना घट्टे पडतात, त्यासाठी आजीने आपली जुनी वाकळ दिली. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वाचणे जवळजवळ अशक्य, म्हणून लस चुकवायची नाही. आणि सर्वांत मोठे औषध म्हणजे सबुरी. पहिले तीन दिवस ती कोपऱ्यातून हलली नाही. तीन आठवड्यांनी आमची वेळापत्रके तिला कळली. तीन महिन्यांनी ती पडवीत पाय पसरून घोरू लागली, तेव्हा आजीने तिचे नाव काशी ठेवले. राखण ती अजूनही करत नाही.

माझा एक वर्गमित्र मला म्हणाला, "ज्या घरातला पहिलाच मुलगा कॉलेजात आलाय, त्या घराने पुस्तकं घ्यावीत की कुत्रीला कोंबडी घालावी?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून भूतदयेवर भाषण करणे मला पटत नाही. काशीला महिन्याला सुमारे साडेतीन हजार रुपये लागतात. माझ्यासाठी घ्यायची जुनी मोटारसायकल त्यामुळे लांबली, मी अजून पासावरच येतो. पुस्तके मात्र थांबलेली नाहीत, कारण हे सगळे आधी मांडून पाहिले होते. ज्यांनी तिला ढाब्यामागे बांधले त्यांच्यापाशी तिला विकत घेण्याइतका पैसा होताच. कमी पडला तो पैसा नव्हे. मोठा कुत्रा म्हणजे बंगला, हे समीकरणही नवेच आहे. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांपाशी बंगला कुठे असतो? पण त्यांची दांडगी कुत्री वाड्यावर माणसांबरोबर राहतात, कारण त्यांची जागा आणि त्यांचा घास ठरलेला असतो.

याचा अर्थ प्रत्येकाने असा कुत्रा घरी आणावा असा मुळीच नाही. भाड्याच्या खोलीत घरमालकाची परवानगी नसेल, घरातले एखादे माणूस मनापासून घाबरत असेल, दिवसभर दाराला कुलूप असेल, तर सरळ नाही म्हणावे. त्यात कसलाही कमीपणा नाही. एकदा टाकलेल्या जनावराला दया म्हणून आणून पुन्हा टाकणे हे पहिल्या टाकण्याहून वाईट. ज्यांना घरी ठेवणे शक्य नाही त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ प्राणिमित्रांना द्यावी. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात जसे रक्तदान होते तसे गावच्या कुत्र्यांचे रेबीज लसीकरणही व्हावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे.

आणि ज्याला जमणार आहे, त्याने पिल्लांच्या दुकानात जाण्याऐवजी टाकलेल्यांकडे एकदा पाहावे. मात्र त्याआधी घरी चुलीपाशी जाऊन विचारावे, कामे वाटून घ्यावीत, आणि मगच साखळी हातात धरावी.