ओठांकडे जाणारा हात

यांच्या आजारपणावर लिहीन असं तुम्हा सगळ्यांना म्हटलं होतं, ते राहूनच गेलं. आज लिहिते.

अकरा दिवस हे व्हेंटिलेटरवर होते. घशात नळी, त्यामुळे आवाज नाही. हात सारखा तोंडाकडे जायचा. नळी उपसतील म्हणून मनगट पलंगाला बांधलं. मीही "जरा धीर धरा हो" म्हणत राहिले. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात पहिला शब्द आला, "पाणी". अकरा दिवस हा माणूस तहान लागली म्हणून सांगत होता! चौतीस वर्षं वर्गात पोरांचे चेहरे वाचण्यात गेली माझी, आणि घरच्या माणसाचा हात वाचता आला नाही.

पुढे भाचीने (ती नर्स आहे) सांगितलं ते असं. अमेरिकेत कॅथलीन पुंटिलो यांनी २०१० मध्ये अतिदक्षता विभागातल्या १७१ अत्यवस्थ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या ज्या वेळी रुग्णांना विचारलं, त्यातल्या सुमारे ७१ टक्के वेळा त्यांनी तहान सांगितली. २०१४ मध्ये त्यांनीच दाखवलं, की थंड निर्जंतुक पाण्याचा फवारा, ओला बोळा आणि ओठांना मलम एवढ्यानेही ती कमी होते. (पाणी मात्र आपल्या मनाने पाजू नये, ते फुप्फुसात जाऊ शकतं.) जो खूणही करू शकत नाही त्याच्या वेदनेसाठी कॅनडातल्या सेलीन जेलिनास यांची मोजपट्टी आहे. चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी झगडा, प्रत्येकाला ० ते २ गुण. नुसत्या नाडी नि रक्तदाबावर भरवसा ठेवायचा नाही म्हणे.

माझं स्पष्ट मत आहे, की शुद्धीवरच्या रुग्णाला बांधण्याआधी पाच प्रश्न विचारलेच पाहिजेत. दुखतंय? तहान? दम लागतोय? भीती वाटते? कूस बदलू? "हो"ला एकदा डोळे मिटायचे. नर्सबाईंना वेळ नसतो हे कबूल. मग घरच्या एकाला जवळ बसू द्या ना!

मी हे शब्द पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवलेत. गेल्या वर्षी धाकट्या जाऊबाईंना नळी घातली तेव्हा तो पुठ्ठा घेऊन गेले. पाचही शब्दांना त्यांनी मान हलवली, नाही, नाही. मग डोळ्यांकडे बोट नेलं. चष्मा हवा होता! तो लेकाच्या खिशात. पुठ्ठ्यावर आता सहावा शब्द आहे.