आधी बाईंना शिकवा!

परवा लेक शाळेतून आली ती गाल फुगवूनच. एथ्निक स्टडीजच्या तासाला बाई म्हणाल्या, "तू इंडियन ना? मग जातिव्यवस्था तूच समजावून सांग." पोरगी इथे कॅलिफोर्नियात जन्मलेली. काय सांगणार, कपाळ!

बाईंवर राग नाही हो माझा. त्या इतिहासाच्या. एका दुपारच्या कार्यशाळेनंतर हा विषय त्यांच्या गळ्यात पडला.

याच विषयासाठी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी महिनोन्महिने संप केला होता. २०२१ मध्ये राज्याने तो हायस्कुलात सक्तीचा करणारा कायदा केला, पण 'पैसे मंजूर झाले तर' अशी मेख मारून. २०२५च्या बजेटात पैसे आलेच नाहीत. मग प्रशिक्षण कसलं डोंबलाचं!

भगतसिंग थिंद यांनी 'मी उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोराच' म्हणून नागरिकत्व मागितलं. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने नाकारलं. जात आणि वंश, दोन्ही एकाच खटल्यात! बाईंना हे कुणी शिकवलं असतं, तर माझ्या पोरीला नमुना म्हणून उभं करावं लागलं नसतं.

शिक्षकांना वर्षभर शिकवा, तेही भरपगारी. ते जमत नसेल तर निदान पोरांना पाठ्यपुस्तक करू नका.

असो.