तेच पत्ते, निराळे हात

पत्ते म्हटले की आमच्या खेड्यांत वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. जुगाराने बुडालेली घरे ज्यांनी पाहिली, त्यांची ती आठी योग्यच होय. परंतु परवा सुरतेस ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलो, ते डुप्लिकेट ब्रिज नेमाने खेळणारे. या खेळात चौघांचे तेरा-तेरा पत्ते चार खणांच्या पाटीत जसेच्या तसे जपून पुढील टेबलाकडे पाठवितात. तेच पत्ते हाती असता इतरांहून आपण काय अधिक साधले, यावर गुण ठरतात. नशिबाला बोल लावण्यास फारशी जागा उरत नाही. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत साठ वर्षांचे प्रणव बर्धन व छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार या जोडीने भारतास ब्रिजचे सुवर्णपदक मिळवून दिले.

पत्नीच्या निधनानंतर आमचे स्नेही तीन महिने घराबाहेर पडले नाहीत. अखेर त्यांचा जोडीदार दारी आला व म्हणाला, “तुम्ही नसलात, तर मलाही तेथे बसता येत नाही.” ते उठले.

वाचकहो, आपल्या रिकाम्या जागेपायी गावात कोण खोळंबले आहे, याचा आपण कधी विचार करतो काय?