हॉस्पिटलात बंदूकधारी शिरला तर? दरवाजे, अलार्म आणि तुमच्या खिशातला फोन

१७ जुलै २०२५ चा पाटण्याचा सीसीटीव्ही व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन गेला असेल. पारस हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून पाच जण आरामात चालत येतात, एका खोलीसमोर थांबून पिस्तुलं काढतात आणि आत घुसतात. आत पॅरोलवर उपचार घेणारा एक कैदी होता, तो मारला गेला. नंतर चर्चा झाली ती बिहारच्या कायदा-सुव्यवस्थेची. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. फुटेज एकदम क्लिअर आहे, म्हणजे कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलं. पण कॅमेरा रेकॉर्ड करतो, थांबवत नाही. शेजारच्या खोलीतल्या पेशंटला 'दार लावून घ्या' असंही सांगत नाही.

मग सांगणार कोण? आणि किती सेकंदांत? या प्रश्नावर सगळ्यात जास्त काम अमेरिकेत झालंय, कारण तिथे त्यांना ते करावंच लागलं. १ जून २०२२ ला ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात, सेंट फ्रान्सिस हॉस्पिटलच्या आवारात, पाठीच्या ऑपरेशननंतर दुखणं थांबत नाही म्हणून चिडलेल्या पेशंटने त्याच्या सर्जनसह चार जणांना मारलं. रायफल त्याने त्याच दिवशी विकत घेतली होती. पोलीस फोन आल्यापासून चारेक मिनिटांत पोचले होते. २२ फेब्रुवारी २०२५ ला पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कमध्ये एक जण यूपीएमसी मेमोरियल हॉस्पिटलच्या आयसीयूत शिरला, तिथल्या कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं, आणि त्यात एका पोलिसाचा जीव गेला.

एफबीआयने २००० ते २०१३ मधल्या अशा १६० घटना तपासल्या. त्यातल्या ज्या ६३ घटनांचा कालावधी नीट कळला, त्यापैकी ४४ पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या, आणि २३ तर दोन मिनिटांच्या आत. हे आकडे नीट बघा. पोलीस कितीही वेगात आले तरी पहिली पाच मिनिटं आत असलेल्या लोकांचीच असतात. सगळी तयारी त्या पाच मिनिटांसाठी करायची असते.

पळा म्हणणं सोपं आहे

अमेरिकेत सर्वसामान्यांना शिकवतात ते 'रन, हाइड, फाइट'. आधी पळा, नाही जमलं तर लपा, अगदीच गळ्याशी आलं तर लढा. ऑफिसमध्ये, मॉलमध्ये ठीक आहे. पण व्हेंटिलेटरवरचा पेशंट पळणार कसा? ऑपरेशन टेबलवर पोट उघडलेल्या माणसाला सोडून ॲनेस्थेटिस्टने पळायचं का? म्हणून २०१८ मध्ये केंजी इनाबा आणि इतर डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा जागांसाठी वेगळा क्रम मांडला: सिक्युअर, प्रिझर्व्ह, फाइट. जागा बंद करा, पेशंटचा जीव टिकवा, आणि आत शिरलाच तर लढा. ज्यांना हलता येतं त्यांनी अजूनही पळायचंच आहे. हा क्रम आयसीयू, ओटी, इमर्जन्सी अशा ठिकाणांसाठी.

आता गंमत बघा. हा पेपर यायच्या दहा वर्षं आधी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स अंजली कुलथे यांनी जवळपास हेच केलं होतं. कसाब आणि इस्माईल सीएसटीहून तिकडे वळले, गेटवरचे दोन सुरक्षारक्षक मारले गेले. कुलथे यांनी वॉर्डचे दरवाजे बंद केले, २० गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवलं, दिवे घालवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या आडोशाने लेबर वॉर्डपर्यंत नेलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर हे सगळं सांगितलं. त्या रात्री त्यांच्या हाताशी ना ॲप होतं ना पॅनिक बटण. आतून लागणारं दार मात्र होतं.

कुलूप कुठलं, हा खरा प्रश्न

इथे इंजिनिअरिंग सुरू होतं. नव्या हॉस्पिटलांमध्ये कार्ड दाखवून उघडणारे जे दरवाजे असतात, त्यात बरेचदा मॅग्नेटिक लॉक असतो. वीज आहे तोवर चुंबक दार धरून ठेवतो. वीज गेली किंवा फायर अलार्म वाजला की लॉक सुटतो. याला 'फेल-सेफ' म्हणतात: बिघाड झाला तर दार उघडं. उलट 'फेल-सिक्युअर' लॉक वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहतो, आतून मात्र हँडल फिरवून बाहेर पडता येतं.

आगीत आपल्याला सगळी दारं उघडी हवीत, गोळीबारात बंद. एकाच दाराकडून दोन उलट्या मागण्या! आणि आगीची बटणं तर कॉरिडॉरमध्ये कोणालाही दाबता येतील अशीच असतात. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबाराने उडालेल्या धुळी-धुरामुळेच फायर अलार्म वाजला आणि मुलं वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये आली. त्यामुळे अलार्म वाजल्यावर नेमके कोणते दरवाजे सुटणार, हे डिझाइन करतानाच ठरवावं लागतं. नंतर सॉफ्टवेअर अपडेटने होणारं काम नाही हे.

आपल्याकडे हा तोल आणखी अवघड आहे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालयाच्या आगीत १० नवजात बाळं गेली, त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारमध्ये आयसीयू पेटलं. महाराष्ट्रात हॉस्पिटलात गोळी लागण्यापेक्षा आगीत सापडण्याची भीती कितीतरी मोठी आहे. म्हणून पाटण्याचा व्हिडिओ बघून कोणी 'सगळ्या वॉर्डांना कुलपं ठोका' म्हणत असेल तर त्याला आधी भंडाऱ्याची आठवण करून द्या. माझं मत विचाराल तर आतून एका हाताने लागणारी आणि एका हाताने उघडणारी साधी यांत्रिक कडी महागड्या कार्ड रीडरपेक्षा जास्त कामाची. आयसीयू आणि लेबर वॉर्डला आधी.

'पाठवलं' म्हणजे 'पोचलं' नव्हे

दुसरा भाग म्हणजे इशारा. अमेरिकेतल्या अनेक हॉस्पिटलांत स्पीकरवर 'कोड सिल्व्हर' असं पुकारतात. पेशंट घाबरू नयेत म्हणून कोड. पण पेशंटला आणि नातेवाइकांना त्याचा अर्थ कळत नाही, आणि कधी कधी स्टाफलाही नाही. १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका हॉस्पिटलात गोळीबाराच्या वेळी चुकीचा कोड पुकारला गेला, तीन जण मेले, आणि त्यानंतर तिथे सगळ्या हॉस्पिटलांसाठी सारखे कोड ठरवले गेले. आता कल सरळ भाषेकडे आहे: 'दुसऱ्या मजल्यावर बंदूकधारी आहे, दारं लावा.' मराठीत असंच पुकारलं पाहिजे, कारण वॉर्डातल्या मावशींना आणि पेशंटच्या आईला 'सिल्व्हर' म्हणजे काय ते कळायचं कारणच नाही.

मग मोबाईलवर मेसेज का नाही? नोटिफिकेशन पाठवणारी सिस्टीम सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास विचारतात. सर्व्हरने पुश पाठवला तरी फोन बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये असेल, तळघरातल्या एक्स-रे रूममध्ये रेंज नसेल, नर्सचा फोन लॉकरमध्ये असेल. एसएमएस एकेका नंबरला रांगेने जातो. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले होते, आठवतंय? ते सेल ब्रॉडकास्ट. टॉवर एकदाच बोलतो आणि रेंजमधले सगळे फोन ऐकतात. वेगवान आहे, पण टॉवरची रेंज एका इमारतीपुरती नसते, अख्खा परिसर दचकेल. म्हणून हॉस्पिटलात भिंतीवरचं वायर जोडलेलं बटण आणि स्पीकर यांना अजून तोड नाही. मोबाईल मेसेज त्याच्या जोडीला असावा, त्याच्याऐवजी नाही.

मेटल डिटेक्टर आणि बंदूकधारी गार्डचं काय? जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००० ते २०११ मधल्या अमेरिकन हॉस्पिटलांतल्या गोळीबाराच्या १५४ घटना अभ्यासल्या. इमर्जन्सी विभागातल्या २३ टक्के घटनांत वापरलेली बंदूक सुरक्षारक्षकाचीच होती. गार्डला बंदूक देताना हा आकडा समोर ठेवायला हवा.

आपल्याकडे डॉक्टर-नर्सवर हल्ले होतात ते बहुतेक वेळा संतापलेल्या जमावाकडून. महाराष्ट्रात त्यासाठी २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५० हजारांपर्यंत दंड. आर. जी. कर प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय टास्क फोर्स नेमला, आणि हल्ला झाल्यास सहा तासांत एफआयआर करायची जबाबदारी केंद्राने संस्थाप्रमुखांवर टाकली. एफआयआर हे नंतरचं काम. पहिल्या पाच मिनिटांसाठी लागणारी दारं, बटणं आणि वर्षातून दोनदा होणारी ड्रिल जमावाच्या हल्ल्यातही तेवढीच उपयोगी पडतील, म्हणून हा खर्च वाया जाणारा नाही.

तुमच्या हातात काय आहे?

नातेवाईक ॲडमिट असेल तर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बघून ठेवा: खोलीचं दार आतून लागतं का, आणि जिना कुठे आहे. लपायची वेळ आलीच तर फोन सायलेंट करा, व्हायब्रेशनही बंद, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी. लाइव्ह जाऊ नका. २६/११ ला हल्लेखोरांचे पाकिस्तानातले म्होरके टीव्ही बघून सूचना देत होते, आणि सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या निकालात चॅनेलना त्यावरून खडसावलं होतं. तेव्हा चॅनेल मोजके होते, आता प्रत्येक वॉर्डात पन्नास कॅमेरे आहेत.

आणि एक सेटिंग आजच तपासा. पॉवर बटण पाच वेळा पटापट दाबलं की बऱ्याच फोनवर इमर्जन्सी एसओएस सुरू होतं, पण कॉल लागण्याआधी काउंटडाउनचा मोठा आवाज होतो. कपाटामागे लपलेल्या माणसाला तो नको असतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, इमर्जन्सी एसओएस, तिथे 'कॉल क्वाएटली' चालू करा. अँड्रॉइडमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'मध्ये अलार्मचा आवाज बंद करायचा पर्याय असतो. कंपनीनुसार नाव थोडं वेगळं दिसेल. सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'एसओएस' टाकलंत की सापडेल.