वेताची खुर्ची आणि भंगाराचा भाव

आमच्या पिढीला वेत ठाऊक आहे तो मास्तरांच्या हातातला. पण त्याच वेताची साल काढून, पट्ट्या पाण्यात भिजवून, लाकडी चौकटीच्या भोकांतून ओवून विणल्या, की सुकल्यावर बैठक ढोलकीसारखी ताणून बसते. खालून वारा लागतो, उन्हाळ्यात अंग घामेजत नाही. सागाची चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बैठक फाटलीच तर तेवढीच नव्यानं विणायची. खुर्ची टाकायची नसते.

म्हणून मला राग आहे तो टाकणाऱ्यांचा.

चंदीगडचंच बघा. १९५० नंतर ते शहर नव्यानं वसवलं. ली कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे यानं तिथल्या कचेऱ्या, कॉलेजं, घरं यांच्यासाठी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. घडवल्या त्या इथल्याच सुतारांनी, हातानं. पुढं वेत फाटला, पाय डुगडुगले, तशा त्या सरकारी कचेऱ्यांनी अडगळीत रचल्या आणि भंगाराच्या भावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी नेल्या, दुरुस्त केल्या, लिलावात लाखांनी विकल्या. मग २०११ साली केंद्राच्या गृहखात्यानं विक्रीला बंदी घातली. बैल गेला नि झोपा केला!

आता शहाणी माणसं म्हणतात, 'बघा, केवढी किंमत आली!' साहेबानं बोली लावली म्हणून किंमत आली होय? आपल्या बुडाखाली होती तेव्हा नव्हती? आणि ज्यानं रंधा मारला, ज्यानं वेत ओवला, त्याचं नाव त्या लिलावात कुणी पुकारत नाही.

विणणारे तरी कोण? आपल्याकडं अंधशाळांतून हे काम शिकवत आले. बोटांनी भोकं चाचपत अशी जाळी काढायची, की डोळसानं तोंडात बोट घालावं. त्यावर कैक जणांची चूल पेटली. कचेऱ्यांत फोमच्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. त्यांना विणणारा लागत नाही. शहरात जेवणाच्या टेबलाभोवती वेताची हौस परत आलीय म्हणतात, पण त्यातल्या पुष्कळांत यंत्रावरची तयार जाळी खाचेत ठोकलेली असते. हौस परतली, हात परतले नाहीत.

कुणी म्हणेल, गरिबाला प्लॅस्टिकचीच परवडते. खरंय. माझ्या ओट्यावरही तीच आहे. गरिबाला मी नावं ठेवत नाही. पण उन्हानं ती कडकते, एक दिवस तिचा पाय मोडतो, आणि गावचा सुतार हात टेकतो. ज्यांच्याकडं पैसा आहे, त्या कचेऱ्यांनी, कॉलेजांनी, बंगलेवाल्यांनी तरी पुन्हा विणता येणारी वस्तू का टाकावी? 'निकामी' असा शेरा मारण्याआधी ती एकदा विणणाऱ्याला दाखवा, एवढंच माझं मागणं आहे.

तुमच्याही माळ्यावर फाटक्या बैठकीची एखादी खुर्ची असेल. भंगारवाल्याच्या आधी विणणाऱ्याला हाक मारा. ओ द्यायला तो आहे तोवर.