डागाचे निदान आधी

लहान मुलीच्या जननेंद्रियाभोवतीची त्वचा पांढुरकी आणि पातळ झालेली आहे, खाजवून तिला चिरा पडल्या आहेत, आत रक्त साकळले आहे, शौचाला बसताना ती रडते. पाहणाऱ्याच्या मनात अत्याचाराची शंका येते आणि ती यायलाच हवी. पण हीच लक्षणे लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाचीही आहेत. योनी आणि गुदद्वार यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पसरलेला पांढरा पट्टा ही त्याची खूण. स्टेरॉइडच्या मलमाने तो आटोक्यात येतो. तो न ओळखल्यामुळे घरच्यांवर संशय घेतला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर जन्मतःच असणारे निळसर डागही मुक्या मारासारखे दिसतात. माराचा डाग काही दिवसांत रंग बदलत ओसरतो. जन्मखूण महिनोन्‌महिने तशीच राहते. बिब्बा उतल्यावर येणारे फोड तर चटक्यांचे वाटू शकतात.

एका लक्षणावर विसंबण्याची किंमत इंग्लंडमधल्या क्लीव्हलंड परगण्याने 1987 मध्ये मोजली. तिथे 121 मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान झाले. त्यात गुदद्वाराच्या एका प्रतिक्षिप्त लक्षणाला मोठे वजन दिले गेले. पुढे बहुतेक मुले घरी परतली. एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या 1988 च्या चौकशी अहवालाने ते लक्षण संशयास्पद मानले, पण तेवढ्यावरून अत्याचार सिद्ध होत नाही, असेही बजावले.

यावर आक्षेप येईल की, रोगाची पळवाट दिली तर गुन्हेगार सुटतील. आक्षेप गंभीर आहे, कारण लायकेन स्क्लेरोसस असलेल्या मुलीवर अत्याचारही झालेला असू शकतो. शिवाय जखमेच्या जागी हा रोग उमटू शकतो. म्हणूनच रोगाचे निदान झाले तरी मुलीचे म्हणणे खोटे ठरत नाही. उलट, अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या शरीरावर तपासणीत काहीच सापडत नाही, तेव्हा तिचा जबाब हाच मुख्य आधार असतो. पोक्सो कायद्याने संशयाची खबर देणे बंधनकारक केले आहे. ते तसेच राहावे, त्यात एका दिवसाचाही उशीर नको. मात्र खबर देणे वेगळे आणि अहवालात निष्कर्ष लिहिणे वेगळे. याच कायद्याच्या कलम 29 नुसार, उलट सिद्ध होईपर्यंत आरोपीने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरते. अशा खटल्यात डॉक्टरच्या एका ओळीने माणूस तुरुंगात जाऊ शकतो आणि आजारी मूल औषधाविना राहू शकते. पोक्सोखालच्या तपासणीत त्वचेवर असे बदल दिसले, तर त्वचारोगतज्ज्ञाचे मत अहवालाला जोडणे राज्याच्या आरोग्य विभागाने सक्तीचे करावे.