दुखणे अंगावर काढायचे आणि पिशवी गमवायची, हे किती दिवस?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत सारखे नसतीलही. परंतु पाचपटीची ही तफावत निसर्गाने निर्माण केलेली नाही, ती व्यवस्थेने निर्माण केली आहे.

त्या वेळी मथळे छापून आले, सभागृहात भाषणे झाली, मोर्चे निघाले. सारे योग्यच होते. परंतु या चर्चेत एक प्रश्न मागे राहिला. या स्त्रिया दवाखान्यात गेल्या त्या कोणत्या तक्रारीसाठी? राष्ट्रीय पाहणीच त्याचे उत्तर देते. गर्भाशय काढलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी पाळीतील अतिरक्तस्राव किंवा वेदना हे कारण सांगितले आहे. शस्त्रक्रियेचे मध्यक वय अवघे ३४ वर्षे आहे आणि यातील बहुसंख्य शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या आहेत. आता अतिरक्तस्राव हे लक्षण आहे, तो स्वतः रोग नव्हे. त्यामागे गाठी असतील, जंतुसंसर्ग असेल, क्वचित कर्करोग असेल. आणि अनेकदा शरीरातील संप्रेरकांचे, ज्यांना आपण हार्मोन म्हणतो त्यांचे, संतुलन बिघडलेले असते. हा शेवटचा बिघाड साध्या रक्ततपासणीने सापडतो आणि बहुतेक वेळा गोळ्यांनी आटोक्यात येतो. तरीही आमच्या आयाबहिणींच्या वाट्याला गोळी येण्याआधी सुरी का येते, हा खरा प्रश्न आहे.

ऊसतोडीचा हिशेब ज्यांना माहीत आहे त्यांना उत्तराचा पहिला भाग सांगावा लागत नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम बुडाले की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत वाढतो. फडात संडास नाही, पाणी नाही, कोपीवर आडोसा नाही. अशा ठिकाणी पाळीचे चार दिवस म्हणजे मजुरीवरचे संकट. मग कोणीतरी सांगते, ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’ डॉक्टर सांगतो, ‘पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.’ आणि हंगाम सुरू होण्याआधी व्याजाने पैसे काढून ती बाई टेबलावर झोपते. या मजुरांत दलित, भटके-विमुक्त आणि भूमिहीन बहुजनच प्रामुख्याने आहेत, हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

उत्तराचा दुसरा भाग मात्र आपल्या घरातला आहे. आपल्याकडे बाईने दुखणे सांगायचे नसते, अंगावर काढायचे असते. पाळीविषयी तर ब्रही काढायचा नाही. आई मुलीला कापडाची घडी देते, पण पाळी किती दिवसांनी यावी आणि कधी घाबरावे हे सांगत नाही, कारण तिलाही कोणी सांगितलेले नसते. १९५६ साली आपण देव नाकारले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. परंतु विटाळाच्या कल्पनेने शिकवलेली ही चुप्पी अनेक घरांतून अजून गेलेली नाही. या चुप्पीचा फायदा बाजार घेतो. म्हणून लक्षणे ओळखणे हा विषय ‘बायकांचा’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही, तो चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यायला हवा.

तथागतांनी सांगितलेली चार आर्यसत्ये आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर करता येते, आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. चांगला वैद्य याच क्रमाने चालतो. लक्षण दिसले की अवयव काढून टाकणे म्हणजे पहिल्या सत्यावरून उडी मारून थेट सुरीपर्यंत जाणे होय. तेव्हा लक्षणे कोणती आणि त्यांची कारणे कोणती, हे आधी नीट समजून घेऊ.

सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे पाळी. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत साधारण २१ ते ३५ दिवसांचे अंतर असते. ते वारंवार यापेक्षा कमी किंवा जास्त होणे, दिवस गेलेले नसताना तीन महिने पाळी न येणे, आठ दिवसांहून अधिक अंगावर जाणे, तासा-दोन तासाला कापड किंवा पॅड भिजणे, मोठ्या गाठी पडणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, यातले काहीही होत असेल तर ते दाखवायला हवे. पाळी कायमची बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर मात्र ‘हार्मोनचे असेल’ म्हणून थांबू नये. कर्करोग नाही याची खात्री ताबडतोब करून घ्यावी.

दुसरा साक्षीदार म्हणजे थायरॉईड. गळ्याच्या पुढच्या बाजूस फुलपाखराच्या आकाराची ही छोटी ग्रंथी असते. तिचे काम मंदावले की बाईला सतत थकवा येतो, खाणे तेवढेच असून वजन वाढते, थंडी सोसत नाही, शौचास साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, मन उदास राहते आणि पाळीत जास्त रक्त जाते. ही यादी एखाद्या कष्टकरी बाईला वाचून दाखवा. ती म्हणेल, ‘हे तर आम्हाला रोजचंच आहे!’ नेमकी इथेच फसगत होते. थकव्याला घरचे आळस म्हणतात, उदासीला नखरे म्हणतात, आणि जास्त रक्त जाते त्याला डॉक्टर ‘पिशवीचा दोष’ म्हणतो. वास्तविक टीएसएच नावाची एक रक्ततपासणी आणि रोज उपाशीपोटी घ्यायची एक स्वस्त गोळी एवढ्यावर यातील अनेकींचे दुखणे आटोक्यात येऊ शकते. उलट ही ग्रंथी अतिवेगाने चालू लागली तर छातीत धडधड, हाताला कंप, खूप घाम आणि वजन घटणे ही लक्षणे दिसतात.

तिसरा प्रकार तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो. त्याला पीसीओएस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला हा त्रास असतो आणि त्यातील बहुसंख्य स्त्रियांना तो आहे हे माहीतही नसते. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, ओठांवर आणि हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे जात नाहीत, वजन वाढते. मानेवर आणि काखेत काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसतो. आपल्या घरांत तो मळ समजून मुलीला दगडाने मान घासायला लावतात! तो मळ नव्हे. शरीरात इन्सुलिन नीट काम करीत नसल्याची ती खूण असू शकते, आणि पुढे मधुमेह होण्याची ती आगाऊ सूचना आहे. याच मुलीचे लग्न झाल्यावर दिवस राहायला उशीर लागला की तिला वांझ ठरविले जाते, देवऋषाकडे नेले जाते, नवऱ्यासाठी दुसरी मुलगी पाहिली जाते. नवऱ्याची तपासणी मात्र कोणी करीत नाही. पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांना उपचारानंतर मुले होतात, हे सासरी कोणीतरी ठणकावून सांगायला हवे.

याशिवाय बाळ अंगावर पीत नसताना स्तनातून दूध येणे, चाळिशीच्या आत पाळी बंद होणे, हीही दाखवून घेण्याची लक्षणे आहेत. पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास पाळी जाताना अंगातून वाफा निघणे, रात्री घाम फुटणे, झोप उडणे, चिडचिड होणे हे शरीरातील बदल आहेत. त्याला बाहेरची बाधा म्हणणे हे अज्ञान आणि ‘सासूबाईंचा स्वभाव’ म्हणून हसणे हा क्रूरपणा आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. एखादे लक्षण दिसले म्हणजे रोग झालाच असे नव्हे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत, असे २०१९-२१ ची राष्ट्रीय पाहणी सांगते. त्यामुळे थकवा आणि केस गळणे याचे कारण रक्त कमी असणे हेही असू शकते. म्हणून निदान तपासणीनेच व्हायला हवे. मोबाईलवरील जाहिरातीत ‘हार्मोन बॅलन्स’ करणाऱ्या पावडरी आणि काढे विकणारा बाजार हा त्याच दुकानदारीचा दुसरा दरवाजा आहे. ज्या बाईच्या हाती पैसा आहे तिला तो पावडर विकतो, आणि ज्या बाईच्या हाती फक्त कोयता आहे तिला शस्त्रक्रिया विकतो.

आणि पिशवी काढल्याने कटकट मिटते का? तेही खोटेच आहे. काही आजारांत गर्भाशय काढणे आवश्यक असते आणि तिथे टाळाटाळ करू नये. परंतु गरज नसताना, त्यातही दोन्ही अंडाशयांसह पिशवी काढली, तर तिशीतल्या बाईच्या शरीरातील इस्ट्रोजेन एकाएकी आटते. अंगातून वाफा सुरू होतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याच्या वयातील बदल लवकर सुरू होण्याची शक्यता असते. म्हणजे संप्रेरकांच्या ज्या बिघाडावर गोळी पुरली असती, त्याऐवजी त्याहून मोठा आणि कायमचा बिघाड कर्ज काढून विकत घेतला जातो. आणि कंबर धरून ती बाई पुन्हा उसाच्या मोळ्या उचलते.

कायदा काय म्हणतो? बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. केंद्राने २०२२ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंमलात आणा, असे राज्यांना बजावले. या तत्त्वांनुसार जिल्हा पातळीपर्यंत देखरेख समित्या असाव्यात आणि शस्त्रक्रियांची नोंद ठेवली जावी. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत करण्याचा निर्णय झालेला आहे. तेव्हा आपल्या जिल्ह्यात ही समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, ग्रामीण रुग्णालयात टीएसएचची तपासणी होते का, आठवड्यातून किती दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ असतो, हे प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारणे आपल्या कार्यकर्त्यांना अवघड नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. १९३८ साली त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव रोहम यांनी विधिमंडळात मांडला आणि तो फेटाळला गेला. स्त्रीच्या शरीराचा प्रश्न हा राजकीय प्रश्न आहे, हे ज्यांनी इतक्या आधी ओळखले त्यांच्या अनुयायांनी आज साखर कारखान्यांना जाब विचारू नये काय? खाड्याचा दंड बंद करा, पाळीच्या दिवसांत सुट्टी द्या, फडावर पाणी, संडास आणि फिरता दवाखाना द्या, ही मागणी त्याच परंपरेतील आहे.

शासनाकडे बोट दाखवतानाच आपल्या हातातले काम आपण करू या. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात गावोगावच्या विहारांत उपासिका रोज जमतात, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आश्विन पौर्णिमा सरते आणि लवकरच बीड, जालना, नगरकडून कोयते बाहेर पडू लागतात. म्हणजे निघण्यापूर्वीचे तीन महिने आपल्याकडे आहेत. या काळात आठवड्यातून एक दिवस, वाचनानंतर अर्धा तास, आशाताईला किंवा आपल्याच समाजातील डॉक्टर, परिचारिका भगिनीला विहारात बोलवावे. प्रत्येकीने घरच्या दिनदर्शिकेवर पाळीच्या तारखेला खूण करावी. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईडच्या तपासणीसाठी दहा-दहा जणींनी मिळून सरकारी दवाखान्यात जावे; एकटीला हुसकावले जाते, दहा जणींना हुसकावता येत नाही. आणि कोणीही पिशवी काढायला सांगितली तर तीन प्रश्न विचारावेत. कारण काय आहे? औषधाने होणार नाही का? अंडाशय ठेवणार की काढणार? उत्तर कागदावर घ्यावे आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नये.

जयंतीच्या वर्गणीतील काही हिस्सा या तपासण्यांसाठी ठेवला तर बाबासाहेबांच्या मिरवणुकीची शोभा कमी होणार नाही. ‘शिका’ या शब्दात आपले शरीर शिकणेही येते. ते शिकण्याची सुरुवात येत्या वर्षावासापासून प्रत्येक महिला मंडळाने करावी, आणि पुरुष कार्यकर्त्यांनी त्या दिवशी घरची चूल सांभाळावी.

जयभीम!